नव्या नावाची जुनी गाडी

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने एक मोटार कारखाना काढला. त्याचे भांडवल म्हणजे दोनशे पानांची एक वही, रंगीत पेन्सिलींची एक पेटी आणि रिकामी दुपार. कारखान्याचे नाव सांगण्याची मला मुभा नाही. ते, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, अजून गुप्त आहे. पण वही पाहण्याचा मान मला मिळाला. तीत त्याने आपल्या काल्पनिक कंपनीचा साठ वर्षांचा इतिहास लिहिला होता. प्रत्येक पानावर एका मॉडेलचे चित्र, खाली त्याचे नाव, गाडी बाजारात आली ते साल, इंजिनाची शक्ती, किती माणसे बसू शकतात, हा सर्व तपशील. आणि सर्वांत शेवटी एक रकाना होता. त्याचे शीर्षक होते : ‘जुनी का बंद केली?’

या रकान्यातील उत्तरे मी फार आवडीने वाचली. ‘चढावर दमत होती.’ ‘आजीला चढता येत नव्हते.’ ‘पेट्रोल फार पीत होती.’ एका ठिकाणी तर, ‘समोरच्या कंपनीने हिच्यापेक्षा चांगली काढली म्हणून,’ अशी स्वच्छ कबुली होती. मला हसू आले. परंतु त्या दिवसापासून तो रकाना माझ्या मनातून जाईना. त्या रकान्याच्या निमित्तानेच आज आपणांशी चार शब्द बोलावे असे मनात आहे.

त्याच सुमारास घरातील जुनी छायाचित्रे चाळताना मुलाला माझे एक छायाचित्र सापडले. मी नोकरीत नुकताच रुजू झालो होतो, त्या वेळचे ते आहे. नवा कोरा शर्ट, चेहऱ्यावर उसना गंभीरपणा, आणि पाठीशी एक पांढरी गाडी. बॉनेट गोलसर, मागील आसनावर पांढरा टॉवेल, काचांना पडदे. मुलाने विचारले, “बाबा, ही कोणती गाडी?” मी म्हणालो, “अँबॅसडर.” “कोणते मॉडेल?” मी म्हणालो, “मार्क फोर असावी.” लगेच पुढचा प्रश्न आला, “मग मार्क थ्री का बंद केली?”

मी निरुत्तर झालो. ज्या गाडीतून मी जिल्ह्याचे रस्ते तुडवले, त्या गाडीबद्दलचा इतका साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला आठवले ते आमचे वृद्ध चालक. निवृत्तीला आलेले, अबोल गृहस्थ. ते एकदा कौतुकाने म्हणाले होते, “साहेब, या गाडीचं एक बरं आहे. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत जे सामान लागायचं, तेच आजही चालतं.” त्या वेळी ती मला गाडीची स्तुती वाटली होती, आणि ती स्तुतीच होती. मुलाच्या प्रश्नानंतर मात्र त्याच वाक्याला दुसरा अर्थ दिसू लागला.

तेव्हा प्रथम ही हकीगत सांगतो. बिर्ला घराण्याने हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली स्थापन केली. आरंभी तिचे काम गुजरातच्या किनाऱ्यावरील ओखा बंदरात, लहान प्रमाणावर, सुट्या भागांची जुळणी करण्याचे होते. १९४८ साली कारखाना बंगालमध्ये, हुगळी जिल्ह्यातील उत्तरपाडा येथे आला. विलायतेतील मॉरिस कंपनीशी करार झाला होता. त्यामुळे मॉरिसची गाडी तिकडून यावी आणि येथे तिचे नव्याने बारसे व्हावे, असा क्रम पडला. मॉरिस टेनची ‘हिंदुस्थान टेन’ झाली, मॉरिस ऑक्सफर्डची ‘हिंदुस्थान फोर्टीन’ झाली. ऑक्सफर्डची दुसरी आवृत्ती १९५४ साली ‘लँडमास्टर’ या नावाने आली. आणि ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती १९५७-५८ च्या सुमारास ‘अँबॅसडर’ होऊन आली.

येथवरचा क्रम माझ्या मुलाच्या वहीत शोभेल असाच आहे. दहा वर्षांत चार गाड्या, प्रत्येक मागचीपेक्षा काहीशी प्रशस्त, काहीशी सुधारलेली. ज्या देशात स्वातंत्र्यापूर्वी साधी शिलाई यंत्रे परदेशाहून येत, त्या देशात मोटारीचे इंजिन ओतले जाऊ लागले, ही गोष्ट लहान नव्हे. तिचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही.

पण यानंतरची पाने पाहा. ऑक्सफर्डची जी तिसरी आवृत्ती आपण घेतली, ती इंग्लंडमध्ये १९५६ साली निघाली आणि १९५९ साली बंद झाली. कौली येथील कारखान्यात तिला तीन वर्षांचे आयुष्य लाभले. उत्तरपाड्यात तीच गाडी २०१४ पर्यंत निघत राहिली. मधल्या काळात मॉडेले आली नाहीत असे नव्हे. १९५९ च्या सुमारास जुन्या पद्धतीच्या इंजिनाऐवजी १४८९ घन सेंटिमीटरचे, झडपा माथ्यावर असलेले इंजिन आले. तो बदल खरा होता. पुढे १९६२-६३ मध्ये ‘मार्क टू’ आली. तिच्या समोरची जाळी निराळी होती, आतील फळी निराळी होती. १९७५ साली ‘मार्क थ्री’ आली. पुन्हा जाळी बदलली. १९७९ साली ‘मार्क फोर’ आली. जाळी आणखी चौकोनी झाली. १९९० साली ‘नोव्हा’ आली. परंतु गाडीचा सांगाडा, तिची पाठ, तिचा माथा, तिची दारे यांच्या घडणीत ओळखू येण्याजोगा फरक पडला नाही. आणि १४८९ चे ते इंजिन तीन दशकांहून अधिक काळ या गाडीचे मुख्य इंजिन राहिले.

गंमत पाहा. जी मूळ गाडी १९५७-५८ साली आली, तिला आरंभी ‘मार्क वन’ कोणी म्हणत नव्हते. दुसरी आली तेव्हा पहिलीला क्रमांक मिळाला. म्हणजे इतिहास आधी घडला नाही. नाव आधी बदलले, आणि नाव बदलल्यामुळे इतिहास असल्याचा भास झाला.

आता हा दोष एकट्या कारखान्याच्या पदरी घालणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ पासून गाड्यांची जुळणी चालविली होती, फोर्ड कंपनीचीही आपल्या देशात जुळणी होत असे. स्वातंत्र्यानंतर आपण असे धोरण आखले की, ज्यांना येथे खरोखर गाडी बनवावयाची आहे त्यांनीच राहावे. केवळ पेट्या फोडून गाडी जोडणाऱ्यांना येथे थारा नाही. १९५३ साली जकात आयोगाने या धंद्याची तपासणी करून हीच दिशा दाखविली, आणि त्या सुमारास या दोन्ही परदेशी कंपन्यांनी आपले येथील जुळणीचे काम गुंडाळले. नवजात उद्योगाला काही वर्षे आडोसा हवा, या विचारात गैर काही नव्हते. रोपट्याभोवती काटेरी कुंपण घालणाऱ्या माळ्याला कोणी दोष देत नाही.

परंतु माळी कुंपण घालून विसरून गेला तर? परदेशी गाडीला बंदी झाली. देशात नवा कारखाना काढावयाचा तर परवाना हवा, चालू कारखान्याला अधिक गाड्या काढावयाच्या तरी परवानगी हवी. परकीय चलनाची चणचण होती, त्यामुळे नवी यंत्रसामग्री आणणे दुष्कर झाले. मोटार ही श्रीमंतांची चैन मानली गेली, म्हणून तिच्यासाठी पोलाद व चलन खर्चणे सरकारच्या जिवावर येई. मागणी मोठी, पुरवठा थोडा. म्हणून १९५९ साली गाड्यांच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण घालणारा हुकूम निघाला. ग्राहकाने पैसे भरून नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. अशा ग्राहकाला आवडनिवड कसली? ज्याला रांगेत उभे राहूनच वस्तू मिळावयाची, तो तिच्यातील उणीव सांगत नाही. आपला क्रमांक किती आला एवढेच विचारतो.

आणि या गाडीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक कोण? सरकार! मंत्र्यापासून तहसीलदारापर्यंत आम्ही सारे याच गाडीत बसलो. आम्हीच परवाना देणारे, आम्हीच किंमत ठरविणारे, आणि आम्हीच विकत घेणारे. तिघांपैकी एकाने तरी ‘जुनी का बंद केली नाही?’ असे विचारावयास हवे होते.

आपल्या मुंबईची गोष्टही याहून फार निराळी नाही. सोलापूरच्या मातीतून आलेले, जहाज आणि विमान यांचेही कारखाने उभारण्याची हिंमत धरणारे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे इटलीच्या फियाटची गाडी निघू लागली. १९५४ साली फियाट अकराशे आली. १९६४ मध्ये तिचे नवे रूप आले. १९७४ साली त्या रूपाला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे राणीचे नाव मिळाले, आणि त्या नावाने ती शतक संपेपर्यंत निघाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत ज्यांनी आयुष्य काढले त्यांना तिच्याविषयी जिव्हाळा वाटणारच. २०२३ च्या ऑक्टोबरात त्या टॅक्सीला मुंबईने अखेरचा निरोप दिला तेव्हा मलाही चुटपूट लागली. पण जिव्हाळा हे काही त्या रकान्याचे उत्तर नव्हे.

येथे कोणी म्हणेल की, गाडी बदलत नाही हा दोष कसा? बदल म्हणजेच सुधारणा असे थोडेच आहे? आक्षेप योग्य आहे. दोन उदाहरणे देतो. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षे निघाली आणि दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या. तिचे मूळ रूप फारसे बदलले नाही. पण आरंभी साडेआठशे डॉलरला मिळणारी ती गाडी १९२५ च्या सुमारास तीनशे डॉलरच्या आत मिळू लागली. गाडी तीच राहिली, परंतु शेतकऱ्याला आणि कामगाराला ती परवडू लागली. पुढे लोक शेव्हरोलेकडे वळू लागले, तेव्हा हेन्री फोर्डसारख्या हट्टी माणसालाही कारखाना काही महिने बंद ठेवून नवे मॉडेल काढावे लागले.

दुसरे उदाहरण जर्मनीच्या फोक्सवॅगनचे. तिची ती भुंग्यासारखी गाडी दोन कोटींहून अधिक निघाली. शेवटची २००३ साली मेक्सिकोत. बाहेरून पाहणाऱ्याला ती सदैव तीच दिसे. पण पाठीमागची दुभागलेली काच १९५३ मध्ये एकसंध झाली, पुढे ती आणखी मोठी झाली. ब्रेक सुधारले, इंजिन अकराशेपासून सोळाशेपर्यंत वाढले. रूप तेच ठेवून आतून अखंड बदल चालू होता, कारण शेजारच्या दुकानात दुसरी गाडी उभी होती आणि ग्राहकाला तिकडे जाण्याची मोकळीक होती.

म्हणजे एकीने किंमत उतरविली, दुसरीने गुण वाढविले. आमच्या गाडीने यांपैकी काय केले? तिचे गुण मोठे होते, हे मी अनुभवाने सांगतो. पाच-सहा माणसे ऐसपैस बसत. खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचे पोट घासत नसे. आडगावच्या मिस्त्रीलाही तिची नाडी कळे. कोलकात्याची टॅक्सी म्हणून तिने जी सेवा केली, तिची कीर्ती विलायतेपर्यंत गेली आणि २०१३ मध्ये तेथील एका मोटारविषयक कार्यक्रमाने तिला जगातील सर्वोत्तम टॅक्सी ठरविले. परंतु हे सारे गुण तिच्यात १९५८ मध्येही होतेच. नंतरच्या तीस वर्षांत त्यांत भर किती पडली, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर अखेर बाहेरून आले. लहान व स्वस्त गाडी हवी, ही चर्चा सरकारी समित्यांत १९६० च्या सुमारास सुरू झाली होती. ती गाडी प्रत्यक्षात आली १४ डिसेंबर १९८३ रोजी, मारुतीच्या रूपाने, जपानच्या सुझुकीच्या साहाय्याने. कागदावरून रस्त्यावर येण्यास सुमारे तेवीस वर्षे लागली. तोवर आपल्या ग्राहकाला तुलना करण्याजोगी वस्तूच ठाऊक नव्हती. आता ती मिळाली. १९९३ मध्ये मोटारधंद्यावरील परवान्याचे बंधन उठले, आणि त्याच साली अँबॅसडरला जपानी इसुझूचे अठराशेचे इंजिन व पाच गिअर मिळाले. ही गाडी खरोखरच चपळ झाली. पुढे २००३ मध्ये ‘ग्रँड’ आणि २००४ मध्ये ‘अविगो’ आली. म्हणजे बदल अशक्य होता असे नाही! पस्तीस वर्षे जे सुचले नाही, ते स्पर्धा दाराशी येताच सुचले. पण तोवर उशीर झाला होता.

१९८० नंतरच्या भरभराटीच्या काळात वर्षाला चोवीस हजारांच्या आसपास गाड्या निघत. २०१३-१४ मध्ये हा आकडा सुमारे बावीसशेवर आला. २४ मे २०१४ रोजी उत्तरपाड्याच्या फाटकावर काम बंद झाल्याची नोटीस लागली. अडीच हजारांच्या वर कामगार होते. २०१७ मध्ये ‘अँबॅसडर’ हे नाव ऐंशी कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने घेतले. शेवटी विकण्यासारखे उरले ते नावच. मात्र ज्या कामगारांनी जन्मभर तेच सांगाडे निष्ठेने जोडले, त्यांच्या हातांत नाव विकून काही पडत नाही. कुंपण घालून विसरण्याची खरी किंमत माळी देत नाही, रोपटे देते.

श्रोतेहो, हे सारे मी दुसऱ्याच्या अपराधाची कथा म्हणून सांगत असतो, तर आपला वेळ घेतला नसता. मला स्वतःचीही एक गोष्ट सांगावयाची आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात असताना निराधार स्त्रियांच्या साहाय्याची एक जुनी योजना माझ्या टेबलावर आली. वरून सूचना होती की, नव्या वर्षात काहीतरी नवे द्यावे. मी रात्री जागून टिपण तयार केले. योजनेला सुंदर संस्कृत नाव दिले. अर्जाचा कागद निळा होता, तो पिवळा केला. सात रकान्यांचे नऊ रकाने केले. योजना मंजूर झाली, माझी पाठ थोपटली गेली. पुढे एका गावी मेळाव्यात साठीच्या एका बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. हातात तोच पिवळा अर्ज होता. त्या म्हणाल्या, “साहेब, योजना नवी झाली म्हणतात. मग नवरा मेल्याचा दाखला दर वर्षाला पुन्हा का आणायचा? तो काय परत येणार आहे?”

भोवतीची माणसे हसली. बाई हसल्या नाहीत. मला जे उत्तर द्यावयाचे होते ते त्या पिवळ्या कागदावर कोठेच नव्हते, कारण टिपण लिहिताना मी तिला काय त्रास होतो हे विचारलेच नव्हते. मी फक्त जाळी बदलली होती.

दाखल्याची ती अट काढण्यास पुढे मला चौदा महिने लागले. नाव बदलण्यास एक रात्र पुरली होती. या दोन कामांच्या वेळातील अंतर मी विसरू शकत नाही. नाव बदलण्यास कोणाचा विरोध नसतो. अट काढावयाची म्हटली की ती पूर्वी कोणी व का घातली याचा शोध घ्यावा लागतो, चार टेबलांवर स्पष्टीकरण द्यावे लागते, आणि आपल्याच आधीच्या सहीविरुद्ध लिहावे लागते.

म्हणून मुलाच्या वहीतील तो रकाना मी उसना घेतला आहे. हाताखालचे सहकारी आता एखाद्या नव्या योजनेचा कागद घेऊन आले, म्हणजे मी त्यांना शेवटी एक ओळ लिहावयास सांगतो : जुनीत काय अडत होते, आणि ते कोणी सांगितले? ही ओळ रिकामी असेल तर कागद परत जातो. यामुळे मी कार्यालयात फारसा लोकप्रिय झालो आहे असे नाही. काही कागद परत आलेच नाहीत. पण काही आले, आणि त्यांत ज्यांच्यासाठी योजना असते त्या माणसांची नावे व गावे आढळू लागली.

मुलाला मी अखेर उत्तर दिले. म्हटले, “मार्क थ्री बंद केली, कारण मार्क फोर काढावयाची होती.” त्याने क्षणभर विचार केला, आणि म्हणाला, “बाबा, हे काही कारण नाही झाले.” मग त्याने वहीत एक पान त्या गाडीसाठी काढले, माझ्या छायाचित्रावरून चित्र उतरविले, नाव घातले, साल घातले. शेवटचा रकाना त्याने कोरा ठेवला आहे. तो म्हणतो, तुम्हांला आठवले की सांगा.